उत्तरेच्या सावलीतली व्हेरिगेटेड झुडपं: रंग का जातो, पानं का करपतात आणि काय लावावं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. कोथरूडला तळमजल्यावर फ्लॅट, इमारतीच्या मागे उत्तरेला १० फूट बाय २५ फुटांची पट्टी, आणि तिच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर शेजारच्या सोसायटीतला आंबा झुकलेला. दोन वर्षांपूर्वी तिथे क्रोटॉन आणि पांढऱ्या काठाचे शेफ्लेरा लावले. क्रोटॉन हिरवे पडून नुसते उंच सुटले, शेफ्लेराची पानं मे महिन्यात करपली. आता तुम्हाला सावलीत टिकणारी, बाराही महिने पानं धरणारी, पांढऱ्या-पिवळ्या पानांची, म्हणजे व्हेरिगेटेड, झुडपं हवी आहेत, आणि रंग टिकवणारं एखादं खत असेल तर तेही. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, हेही तुम्ही लिहिलंय.

खताचा विषय आधी संपवतो. पानातला पांढरा-पिवळा भाग टिकवणारं खत नसतं. नर्सरीत त्या नावाने बाटली मिळाली तरी घेऊ नका. उलट युरियासारखं नत्राचं खत जास्त झालं की झाड जोमात वाढतं आणि ती वाढ हिरवीच जास्त दिसते. रंगाचा संबंध उजेडाशी आणि झाडाच्या जातीशी आहे.

तुमच्या वर्णनातली खरी गोम अशी की एकाच जागेत एक झाड उजेड कमी पडून बिघडलं आणि दुसरं उजेड जास्त होऊन. तुम्हाला वाटतंय की झाडं चुकीची मिळाली किंवा माती खराब आहे. मला वाटतं, तुमच्या पट्टीत वर्षातून दोन वेगवेगळ्या बागा आहेत आणि तुम्ही त्यातली एकच पाहून झाडं निवडलीत. बहुधा पावसाळ्यात किंवा थंडीत जागा पाहिली असणार.

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. १३ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेच्या बाजूने जातो. त्याआधीही, २१ मार्चनंतर, तो पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या किंचित उत्तरेला मावळतो. म्हणून एप्रिलच्या मध्यानंतर दुपारी चारच्या पुढचं तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीला लागायला सुरुवात होते आणि मेमध्ये ते आणखी लवकर येतं. डिसेंबरात चित्र पूर्ण उलटं. तेव्हा भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ३० फूट उंच इमारतीची सावली २७ फुटांपर्यंत पसरते. तुमची पट्टी १० फुटांची. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तिला थेट ऊन मिळतच नाही.

आता तुमची दोन्ही दुखणी एका धाग्यात बसतात. हिवाळ्याचे पाच-सहा महिने क्रोटॉनला ऊन नव्हतं, म्हणून नवी पानं हिरवी आली आणि शेंडे उजेडाकडे लांबत गेले. त्याच काळात शेफ्लेराने सावलीतली पातळ, कोवळी पानं काढली. एप्रिल-मेमध्ये ३८ ते ४० अंश तापमान, कोरडी हवा आणि संध्याकाळचं तिरपं ऊन अचानक त्या पानांवर आलं. आधी पांढरा भाग करपला, कारण त्यात हरितद्रव्यच नाही आणि तीव्र उजेड झेलायची त्याची ताकद सगळ्यात कमी. जून-जुलैमध्येही सूर्य उत्तरेलाच असतो, पण ढगांमुळे त्याचा चटका जाणवत नाही. म्हणून पट्टीवर शेडनेट लावायचं तर ते एप्रिलच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत पुरेसं आहे. ५० टक्क्यांचं घ्या. वर्षभर बांधून ठेवलंत तर हिवाळ्यात क्रोटॉनसारखी अवस्था बाकीच्या झाडांचीही होईल.

पण सगळं असंच असेल असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. तुमची इमारत किती मजली, समोरच्या सोसायटीची भिंत किती जवळ आणि ती रंगाने पांढरी आहे का, पाणी महापालिकेचं की बोअरचं, पाणी तुम्ही घालता की सोसायटीचा माळी, या गोष्टींवर पुढचा बराच सल्ला बदलतो. समोर पांढरी भिंत असेल तर तिच्यावरून परतणारा उजेड चांगला असतो आणि अशा पट्टीत मी निवांतपणे जास्त रंगीत झाडं लावतो.

जागा मोजायची माझी पद्धत साधी आहे. फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं अ‍ॅप घ्या आणि दुपारी बाराच्या सुमारास पट्टीत तीन ठिकाणी, गुडघ्याच्या उंचीवर फोन आडवा धरून आकडा बघा: आंब्याखाली, मधे भिंतीलगत आणि पश्चिमेच्या टोकाला. फोनचे आकडे तंतोतंत नसतात, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतात. मेमध्ये उघड्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. माझा ढोबळ हिशोब असा: दीड-दोन हजारांच्या खाली कुठलंही व्हेरिगेटेड झुडूप फक्त जिवंत राहतं, वाढत नाही. दोन ते पाच हजारांत ड्रासेनाचे काही प्रकार आणि अ‍ॅग्लोनिमा. आठ ते वीस हजार म्हणजे तुमच्या कामाचा पट्टा, इथे बहुतेक सगळं जमतं. त्याहून वर क्रोटॉन. हे मोजमाप जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा करा. आत्ता एकदाच करणार असाल तर दुसऱ्या ऋतूचा अंदाज वरच्या सूर्याच्या हिशोबाने बांधा. नर्सरीतला माणूस ‘सेमी-शेड’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं शेडनेट असतं, आणि शेडनेटखाली तुमच्या आंब्याखालच्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.

इथे व्हेरिगेटेड झाडाचा स्वभाव समजून घेतला तर पुढची निवड सोपी जाते. पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही, हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. घरात कमावणारे कमी आणि खाणारे जास्त, असा हा संसार. म्हणून हिरव्या भावंडापेक्षा हे झाड हळू वाढतं, त्याला उजेड थोडा जास्त लागतो आणि ताण आला की आधी तेच कोलमडतं. नर्सरीत जवळजवळ पूर्ण पांढरं झालेलं रोप लक्ष वेधून घेतं, किंमतही जास्त असते. तुमच्या पट्टीसाठी ते घेऊ नका. निम्म्याहून जास्त हिरवं असलेलं पान हिवाळा काढतं. पिवळ्या छटेची झाडं पांढऱ्यापेक्षा थोडी दणकट निघतात, कारण पिवळ्या भागात निदान दुसरी रंगद्रव्यं असतात आणि पुष्कळदा थोडं हरितद्रव्यही असतं.

आता हिरवं पडण्याबद्दल, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. तुमच्या क्रोटॉनमध्ये झालं तो पहिला प्रकार: सगळं झाड हळूहळू फिकं किंवा हिरवं होत जातं, प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा कमी रंगीत येतं. हा उजेडाचा दोष आहे. झाड उजेडात हलवलं की नवी पानं रंगीत येतात, जुनी मात्र बदलत नाहीत. दुसरा प्रकार असा की बाकी झाड छान पांढरं-हिरवं आहे आणि मधूनच एखादी फांदी शंभर टक्के हिरवी, जाडजूड, भराभर वाढणारी निघते. शेफ्लेरा, व्हेरिगेटेड तगर, व्हेरिगेटेड फायकस, ड्युरांटा यांत हे नेहमी दिसतं. या झाडांचा शेंडा दोन प्रकारच्या पेशींच्या थरांनी बनलेला असतो, एक हरितद्रव्य असलेला आणि एक नसलेला. थरांची ही रचना कळीत बिघडली की तिथून पूर्ण हिरवी किंवा पूर्ण पांढरी फांदी येते. पूर्ण पांढरी फांदी बहुधा स्वतःच वाळते. हिरवी फांदी मात्र दोन पावसाळ्यांत सगळं झाड ताब्यात घेते.

यावर इलाज कात्रीचा. हिरवी फांदी जिथून फुटलीय तिथपर्यंत मागे जायचं आणि बुडातून काढायची. अर्ध्यावर छाटली तर खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवीच फूट येते. माझ्या कामाच्या सोसायट्यांमध्ये मी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, नवी पालवी फुटल्यावर, हे बघून घेतो. सोसायटीच्या माळ्यांना वेगळं सांगावं लागतं, कारण त्यांची कात्री वरून सरळ रेघ मारते, आणि जोमदार हिरव्या फांद्यांना त्या छाटणीने आणखी फूट येते.

याच कारणाने अशा झाडांची रोपं फाट्यांपासून किंवा गुटीने (फांदीला झाडावरच मुळं फोडून) करतात. व्हेरिगेटेड पानांच्या फांदीचाच फाटा लावा. सान्सेव्हेरियाच्या पिवळ्या काठाच्या जातीचं पान कापून मातीत खोचलं तर येणारं पिल्लू हिरवं येतं, हे तुम्ही घरी करून पाहू शकता.

तर आतापर्यंतचं इतकंच: हिवाळ्यातला अंधार आणि मेमधलं तिरपं ऊन, दोन्ही सोसणारं झाड हवं, आणि तेही पट्टीच्या तीन भागांत वेगवेगळं.

पश्चिमेच्या टोकाला उजेड सगळ्यात जास्त. तिथे व्हेरिगेटेड तगर लावा. आपलीच तगर, पांढऱ्या काठाची. पुण्याच्या हवेत ती फारशी कुरकुर करत नाही. सावलीत फुलं कमी येतील, पण पानांसाठीच ती लावायची. दोन झाडांत साडेतीन फूट ठेवा. तिच्याजवळ पिवळ्या छटेचा शेफ्लेरा चालेल. उरलेले क्रोटॉन काढून १२ इंची कुंड्यांत घ्या आणि इथे ठेवा. हिवाळ्यात त्या कुंड्या पुढच्या दक्षिणेच्या बाजूला ऊन येतं तिकडे नेता आल्या तर उत्तम, नाहीतर क्रोटॉनचा नाद सोडा. माझं प्रामाणिक मत असं की उत्तरेच्या पट्टीत क्रोटॉन हा हट्ट आहे.

मधला भिंतीलगतचा भाग तुमच्या बागेचा कणा होईल. इथे माझी पहिली पसंती साँग ऑफ इंडिया. नाव काहीही असलं तरी हे झाड मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरचं. पिवळ्या काठाची अरुंद पानं, हळू वाढ, थोड्या दुर्लक्षाला मरत नाही. अडीच फुटांवर तीन झाडं लावली की दोन-तीन वर्षांत कंबरेएवढा भरगच्च पुंजका होतो. त्याच्या मागे, भिंतीकडे, पांढऱ्या काठाचा अरेलिया. याची पानं बारीक असतात, छाटून हवा तसा ठेवता येतो. जागा बदलली की थोडी पानं गाळतो, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. पाण्याची खात्री असेल तर सँकेझिया सुंदर दिसतो: मोठं हिरवं पान आणि त्यावर पिवळ्याधमक शिरा. पण मेमध्ये एक दिवस पाणी चुकलं तर दुपारी माना टाकतो. तुम्ही सुट्टीत गावाला जाणारे असाल तर तो नको. ग्रॅप्टोफायलम हे एक कमी वापरलं जाणारं झुडूप आहे, पानाच्या मधोमध वेडावाकडा पांढरट-पिवळा डाग असतो. फाट्याने सहज येतं, छाटणी मानवते. नर्सरीत नाव विचारून मिळालं नाही तर पान बघून शोधा.

आंब्याखालचा भाग सगळ्यात अवघड, आणि तिथेच लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. उजेड कमी हे एक. त्याहून मोठी अडचण मुळांची. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या मातीतच पसरलेली असतात, तुम्ही घातलेलं पाणी आणि खत आधी ती उचलतात. मुळं तोडून मोठे खड्डे घेऊ नका, खोडाभोवती मातीचा ढीगही नको. मी अशा ठिकाणी मुळांच्या मधे सापडेल तिथे लहान खड्डा घेतो किंवा सरळ १४ ते १६ इंचांच्या कुंड्या ठेवतो. झाडं: ठिपक्यांचा ड्रासेना, ज्याला काही नर्सरीवाले जुन्या नावाने गॉडसेफियाना म्हणतात, पांढऱ्या पट्ट्यांचा वॉर्नेकी आणि पोपटी-पिवळा लेमन लाइम. ठिपक्यांचा ड्रासेना वर्षात फार वाढत नाही, पण कमी उजेडात ठिपके टिकवून राहतो आणि मला तो या सगळ्यांत जास्त आवडतो. अ‍ॅग्लोनिमा झुडूप म्हणण्याइतका उंच होत नाही, पण कुंडीत चालेल. त्याचा पानांवरचा नक्षीदार रंग त्या जातीत स्थिर असतो, शेफ्लेरासारखी हिरवी फांदी फुटण्याची भीती नसते. थंडीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली गेलं तर पानं पिवळी पडतात. त्या आठवड्यात कुंड्या भिंतीजवळ सरकवा.

आंब्याखाली आणखी एक गोष्ट होते जी झाडांच्या यादीत कुणी लिहीत नाही. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो. त्यावर काळी बुरशी चढते आणि पांढऱ्या काठाचं पान काजळी फासल्यासारखं दिसतं. रोग तुमच्या झाडाला नसतो. जानेवारी ते मार्च आठवड्यातून एकदा पाइपने पानं धुतली की निभतं. उजेड वाढवण्यासाठी आंब्याच्या खालच्या फांद्या काढायचा मोह होईल. झाड शेजाऱ्यांचं, तेव्हा त्यांची संमती हवीच, शिवाय १९७५ च्या वृक्ष संरक्षणाच्या कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगीही लागते. एकदा दोन्ही मिळाल्या आणि खालच्या दोन-तीन फांद्या नीट काढल्या गेल्या तर तुमच्या निम्म्या पट्टीचं नशीब बदलतं, त्यामुळे तो अर्ज करण्यासारखा आहे.

इंटरनेटवर सावलीच्या बागांचे जे फोटो दिसतात त्यात ऑक्युबा, पिएरिस, व्हेरिगेटेड हॉली, युऑनिमस असतात. ती थंड हवेची झाडं आहेत. आपला मे महिना त्यांना झेपत नाही. यात फसगत एका नावाने होते: ‘गोल्ड डस्ट’. परदेशी लेखांत त्याचा अर्थ बहुधा ऑक्युबा, आपल्या नर्सरीत त्याच नावाने पिवळ्या ठिपक्यांचा क्रोटॉन मिळतो, आणि कुणी ठिपक्यांच्या ड्रासेनालाही तेच म्हणतं. क्रोटॉनला ऊन हवं, ड्रासेनाला सावली. पान हातात घेऊन बघितल्याशिवाय या नावावर पैसे देऊ नका. ड्युरांटा, अ‍ॅकॅलिफा, व्हेरिगेटेड बोगनवेल, स्नो बुश ही सगळी उन्हाची झाडं, ती यादीतून काढा. रस्तोरस्ती पिवळा ड्युरांटा छान दिसतो तो दिवसभर तापतो म्हणून.

मातीबद्दल. इमारतीच्या मागच्या पट्टीत चार-सहा इंच लाल माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिली टिकाव मीच मारून बघतो. तुमच्याकडेही दोन ठिकाणी दीड फूट खणून बघा. विटांचे तुकडे, सिमेंट, टाइल्स निघाल्या तर निदान लावणीच्या जागी दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा मोकळा करा. भरायला निम्मी पोयट्याची किंवा लाल माती, पाव भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेल्यात जाडी वाळू किंवा बारीक मुरूम आणि कोकोपीट. काळी माती भरू नका. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि सावलीत ते पाणी उडून जात नाही. भिंतीच्या अगदी पायथ्याशी, पहिला दीड फूट, मी काही लावत नाही. आपला पाऊस मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि उत्तरेच्या भिंतीच्या आडोशाला जुलैतही माती कोरडी राहू शकते. वर एसीचं आउटडोअर युनिट असेल तर त्याच्या वाऱ्यासमोर कुठलंच झाड नको.

सिमेंट आणि बोअरचं जड पाणी यांनी मातीत चुना वाढतो आणि झाडाला लोह मिळत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. लोकांना वाटतं झाड आणखी व्हेरिगेट झालं. फरक ओळखायचा असा: जातीचा रंग काठावर किंवा ठरावीक जागी, कडा स्पष्ट असलेला असतो. लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा शिरांच्या जाळीमधून विरघळत जातो आणि तो नव्या पानांवरच आधी येतो. तगर आणि सँकेझियात हा पटकन दिसतो. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, दुकानात मिळतं; चुनखडीच्या मातीत त्यातलं ईडीटीए प्रकारचं फार काळ टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं मागा आणि पाकिटावरच्या मात्रेने मातीत द्या. ड्रासेना मंडळींना सुपर फॉस्फेट घालू नका. त्यातल्या फ्लोराइडने त्यांच्या पानांची टोकं तपकिरी होतात, बोअरच्या क्षारांनीही तसंच होतं. बाकी खत म्हणून जूनमध्ये आणि फेब्रुवारीत झाडामागे दोन-तीन ओंजळी गांडूळखत पुरे.

लावणी जूनच्या शेवटी किंवा जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर. मेमध्ये अजिबात नको, कितीही सूट मिळाली तरी. रोप घेताना खालची पानं बघा. वरच्या चार पानांवर रंग आणि खाली सगळं हिरवं असेल तर ते झाड नुकतंच उजेडात आणून ठेवलंय. मोठ्या रोपांचा बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतो आणि त्याच्या मुळांभोवती गोदावरीकाठच्या चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तसाच खड्ड्यात ठेवला तर बाहेरची माती ओली आणि गोळा कोरडा किंवा उलट, असं होतं. लावण्यापूर्वी गोळा बादलीत भिजवा, बाजूची माती बोटांनी सैल करून साधारण एक तृतीयांश काढा, पण मधला भाग फोडू नका. निवड पक्की करायची असेल तर जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जा. एकाच जातीची निरनिराळी रूपं शेजारी-शेजारी बघायला मिळतात.

पाणी हा माझ्या मते सावलीच्या बागेतला सगळ्यात मोठा मारेकरी आहे. वर्षाच्या ७०० ते ७५० मिलिमीटर पावसातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो आणि त्या महिन्यांतही माळी सवयीने रोज पाइप फिरवतो. सावलीत माती वाळत नाही, मुळं कुजतात, ड्रासेनाचं खोड बुडाशी मऊ पडतं. बोट दोन इंच आत घालून ओल लागली तर पाणी नको. भिंतीजवळची कोरडी जागा मात्र त्याच दिवशी पाणी मागत असेल. एप्रिल-मेमध्ये आंब्याचाच पालापाचोळा तीन इंच जाड पसरा, खोडाला न चिकटवता, आणि पाणी सकाळी द्या. कोरड्या दिवसांत पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी आणि पेरांत पिठ्या ढेकूण बघत जा. सुरुवातीला पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने बहुतेक जातात. राहिलेच तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी.

किती झाडं? वरची सगळी लावायची नाहीत, त्यातून निवडा. तुमच्या पट्टीला दहा-बारा झुडपं पुष्कळ झाली आणि त्यातली एक तृतीयांशच व्हेरिगेटेड ठेवा. सगळीच रंगीत लावली की डोळा कुठेच थांबत नाही, हॉटेलच्या लॉबीचा भास होतो. मधे गडद हिरवं हवं: राफिस पाम, नेफ्रोलेपिसचे फर्न, झनाडू. तगर सोडून बाकी पांढऱ्या काठाची झाडं आंब्याकडच्या अंधाऱ्या बाजूला दिसावीत अशी ठेवा, पिवळी पश्चिमेला. संध्याकाळी खिडकीतून बघाल तेव्हा पांढरी जास्त उठून दिसतील.

मुलीसाठी: डिफेनबेकिया कुणी कितीही सुचवला तरी आणू नका. त्याचं पान चावलं तर त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड आणि घसा सुजतो. अ‍ॅग्लोनिमा आणि झनाडूतही तेच स्फटिक असतात, म्हणून ती दोन्ही तिचा हात पोचणार नाही अशा मागच्या ओळीत ठेवा किंवा एवढ्यात आणूच नका. शेफ्लेरा आणि अरेलिया चघळले तर तोंडाची आग होते. क्रोटॉन आणि तगरीचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, छाटणी करताना हातमोजे घाला आणि छाटलेल्या फांद्या लगेच उचला. लहान मूल असलेल्या घरी मी पुढच्या ओळीला स्पायडर प्लांट लावतो: पांढऱ्या पट्ट्यांचा, सावलीत चालणारा, तोडला तरी पुन्हा फुटणारा आणि बिनविषारी.